वेष्टनरचना आणि लिंगाधारित मूल्यभेद : इटियाडोह परिसरातील बाजाराच्या संदर्भात

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण आहे. १९७० च्या सुमारास पूर्ण झालेल्या या धरणाच्या पाण्यावर अर्जुनी मोरगाव तालुक्यातील, आणि पुढे गडचिरोली जिल्ह्यात वडसा-आरमोरीकडील, धानाच्या बांध्या भिजतात. परिसराचे अर्थकारण धान, तेंदूपाने, मोहफुले आणि मासळी यांच्या आधाराने चालते. पऱ्हे उपटणे, रोवणी, निंदण, तेंदूपाने तोडून त्यांचे पुडके बांधणे, मोहफुले वेचणे या कामांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. या श्रमाचा जो अंश रोख पैशाच्या रूपाने हाती येतो, तो आठवडी बाजारात आणि गावच्या किराणा दुकानात खर्च होतो. आणि त्यातील एक वाटा आता शिकेकाई, रिठे, सुटे तेल यांवर नव्हे, तर कारखान्यातून वेष्टित होऊन आलेल्या वस्तूंवर जातो. साबणाची वडी, शाम्पूची पुडी, केशतेलाची बाटली, चेहऱ्याला लावावयाचे मलम, पावडर आणि सॅनिटरी पॅड या त्यांतील प्रमुख वस्तू होत.

या वस्तूंसाठी स्त्री, केवळ ती स्त्री आहे म्हणून, पुरुषापेक्षा अधिक किंमत देते काय, आणि देत असल्यास ती किंमत वसूल करण्याच्या कामी वेष्टनाचा नेमका उपयोग काय, हा येथील प्रश्न आहे. पाश्चात्त्य देशांत या अधिक किमतीस 'गुलाबी कर' असे उपरोधिक नाव पडले आहे. सरकार तो आकारीत नाही आणि तो सरकारी तिजोरीतही जात नाही. तेव्हा त्यास कर म्हणणे शास्त्रशुद्ध नव्हे. परंतु नावापेक्षा अधिक गंभीर अडचण अशी की, त्या देशांत जी उदाहरणे देऊन हा विषय समजाविला जातो, ती इटियाडोहच्या बाजारास लावू गेल्यास विषयच हातातून निसटतो.

प्रथम सिद्धान्ताकडे वळणे इष्ट होईल. एकाच वस्तूची निरनिराळ्या ग्राहकांकडून निरनिराळी किंमत घेण्यास मूल्यभेद म्हणतात. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कल्याणविषयक ग्रंथात त्याचे तीन प्रकार मानले. पहिल्यात प्रत्येक ग्राहकाकडून तो जास्तीत जास्त जेवढी देऊ शकेल तेवढी किंमत घेतली जाते. दुसऱ्यात खरेदीच्या परिमाणानुसार किंमत बदलते. तिसऱ्यात ग्राहकांचे ओळखता येण्याजोगे गट पाडून प्रत्येक गटास स्वतंत्र किंमत लावली जाते. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली या तिसऱ्या प्रकाराची रेखागणिती मांडणी केली आणि ज्या गटाच्या मागणीची लवचिकता कमी, त्यास अधिक किंमत पडते हे दाखविले. मात्र यासाठी एक अट पुरी व्हावी लागते. दोन गटांच्या मध्ये भिंत हवी. स्वस्त बाजारातील माल महाग बाजारात पोहोचू लागला, किंवा महाग बाजारातील ग्राहकच स्वस्त बाजारात येऊन उभा राहिला, तर भेद टिकत नाही. जुन्या ग्रंथांतील उदाहरणांत ही भिंत जकातीची, अंतराची किंवा कायद्याची असे. परदेशात माल स्वस्त विकणारा कारखानदार स्वदेशात तो महाग विकू शके, कारण मध्ये समुद्र आणि जकात असे.

स्त्री आणि पुरुष यांच्या बाबतीत अशी भिंत कोठे आहे? दोघे एकाच घरात राहतात, एकाच मोरीवर अंघोळ करतात, एकाच दुकानातून माल आणतात. पुरुषासाठी म्हणून विकली जाणारी साबणाची वडी स्त्रीने वापरू नये असा कोणताही निर्बंध नाही, आणि तिच्या त्वचेस तो फरक कळण्याचे कारणही बहुधा नसते. म्हणजे मूल्यभेद टिकण्यास आवश्यक असलेली अट येथे मुळातच पुरी होत नाही. तरीही भेद आढळतो, याचा अर्थ भिंत दुसऱ्या कशाची तरी उभारलेली असली पाहिजे. ती वेष्टनाची असते. रंग, बाटलीचा आकार, फुलाचे किंवा चेहऱ्याचे चित्र, गंधाचे नाव, अक्षरांची वळणे या सर्वांचे काम ग्राहकास 'हे तुझे' आणि 'हे तुझे नव्हे' असे सांगणे हे होय. चेंबरलिन यांनी १९३३ सालीच आपल्या मक्तेदारीयुक्त स्पर्धेच्या विवेचनात वेष्टन, खूणनाम व जाहिरात यांची गणना वस्तूच्या विभेदीकरणात केली होती. तथापि एका उत्पादकाचा माल दुसऱ्याच्या मालाहून वेगळा भासविणे आणि एकाच उत्पादकाच्या एकाच मालाचे दोन ग्राहकवर्ग पाडणे, यांत अंतर आहे. येथे दुसरी गोष्ट अभिप्रेत आहे.

भारतातील एक उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्वचा उजळविण्याचा दावा करणारे 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आले आणि स्त्रीचा चेहरा हीच त्याच्या वेष्टनाची ओळख ठरली. पुढे ते पुरुषही वापरतात हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले, आणि २००५ साली दुसऱ्या एका कंपनीने 'फेअर अँड हँडसम' या नावाने पुरुषांसाठी स्वतंत्र मलम आणले. तोपर्यंत पुरुष स्त्रियांच्या डबीतूनच मलम घेत होते. भिंत नव्हती, ती नव्याने बांधण्यात आली. वर्णाविषयीच्या ज्या आक्षेपार्ह कल्पनेवर हा सारा व्यापार उभा आहे, तिच्यावरील टीकेमुळे २०२० साली पहिल्या मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला, तो इतिहास निराळा. प्रस्तुत विवेचनास उपयुक्त मुद्दा एवढाच की, गरज एक असताना वेष्टने दोन करता येतात आणि ग्राहक ती दोन मानतो.

आता प्रत्यक्ष मोजमापाकडे. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहकविषयक खात्याने २०१५ साली सुमारे ८०० वस्तूंच्या किमती पडताळल्या. ३५ वर्गांतील या वस्तूंत स्त्रियांसाठीच्या वस्तू सरासरीने ७ टक्के, आणि शरीरनिगेच्या वस्तू १३ टक्के महाग आढळल्या. स्त्रियांची वस्तू महाग असण्याचे प्रमाण ४२ टक्के होते, तर पुरुषांची महाग असण्याचे १८ टक्के. फ्रान्समध्येही एका स्त्रीसंघटनेच्या मोहिमेनंतर सरकारने २०१५ साली तपासणी केली. तीत फरक दोन्ही दिशांनी आढळले, सर्वत्र एकाच दिशेने नव्हे. अमेरिकेतील विक्रीच्या विस्तृत नोंदी घेऊन २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या वादास महत्त्वाचे वळण दिले. एकाच उत्पादकाच्या आणि समान मुख्य घटकद्रव्ये असलेल्या वस्तूंचीच परस्परांशी तुलना केली, तर स्त्रियांवर सरसकट अधिभार आहे असे दिसत नाही. काही वर्गांत त्यांचीच वस्तू स्वस्त ठरते.

या दोन निष्कर्षांत विरोध आहे असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः दोहोंनी दोन निराळे प्रश्न विचारले आहेत. पहिल्याने विचारले की, दुकानात स्त्रियांसाठी म्हणून मांडलेल्या वस्तू घेणाऱ्या स्त्रीस किती पैसे पडतात. दुसऱ्याने विचारले की, तीच वस्तू वेगळ्या रंगात महाग विकली जाते काय. उत्पादक जर स्त्रियांच्या वस्तूत एखादे घटकद्रव्य, एखादा गंध बदलून ती 'वेगळी' करीत असेल, तर दुसऱ्या कसोटीप्रमाणे तेथे मूल्यभेद उरत नाही. परंतु त्या बदलाची तिला गरज होती की केवळ भिंत पक्की करण्यासाठी तो केला गेला, हा प्रश्न उरतोच. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १ जानेवारी २०२३ पासून अंमलात आणलेल्या कायद्यात याची अंशतः दखल घेतली आहे. सारतः समान अशा दोन वस्तूंची किंमत ग्राहकाच्या लिंगावरून वेगळी ठेवण्यास तो मनाई करतो, आणि केवळ रंगाचा फरक हा सारभूत फरक मानू नये असे स्पष्टपणे सांगतो. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही.

परंतु हे सर्व अभ्यास ज्या दुकानात झाले, त्या दुकानात ग्राहक फळीपुढे उभा राहून दोन वस्तू दोन हातांत घेतो आणि वेष्टनावरील किमती ताडून पाहतो. केशोरी, गोठणगाव किंवा नवेगाव बांध येथील बाजारात माल विकला जातो तो अशा रीतीने नव्हे. तेथे लहान पुड्यांच्या किमती नाण्यांच्या किंवा लहान नोटांच्या पटीत असतात : १ रुपया, २, ५, १०, २०. या किमती व्यापाराच्या सोयीने जवळजवळ गोठलेल्या आहेत. पाच रुपयांची वस्तू साडेपाचला विकता येत नाही. सुटे पैसे कोणाजवळ नसतात. कच्चा माल महागला तर किंमत तशीच राहते आणि वजन घटते. कर कमी झाला तरी तेच घडते, फक्त उलट्या दिशेने. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, केशतेल, अंघोळीचा साबण इत्यादींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा लहान पुड्यांच्या बाबतीत अनेक उत्पादकांनी किंमत उतरविण्याऐवजी मालाचे वजन वाढविण्याचा मार्ग पत्करला. यावरून लहान पुडीच्या व्यापाराचा नियम स्पष्ट होतो. छापलेली किंमत ही तेथे स्थिर राशी असते आणि वजन ही चल राशी. म्हणजे खरी किंमत रुपयांत नव्हे, ग्रॅमांत लिहिलेली असते.

हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे लिंगाधारित मूल्यभेद शोधावयाची जागाही बदलते. समजा, एकाच साबणाच्या दोन वड्या आहेत. एकीचे वेष्टन निळे, दुसरीचे गुलाबी. दोहोंची किंमत १० रुपये. निळ्या वेष्टनात ४५ ग्रॅम साबण आहे, गुलाबीत ४० ग्रॅम. किमतीच्या दृष्टीने दोघींत काहीच फरक नाही, आणि किमतींची यादी करणाऱ्या संशोधकास येथे भेद आढळणारही नाही. परंतु पहिलीत ग्रॅममागे २२ पैसे पडतात, दुसरीत २५; म्हणजे दुसरी साडेबारा टक्के महाग. हे आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत, बाजारातील नव्हेत. त्यांवरून एवढेच दिसते की, अशा बाजारात वेष्टन दुहेरी काम करू शकते. रंगाने ते भिंत उभारते, आणि आकाराने, म्हणजे मध्ये खोलगट केलेल्या वडीने, उंच व निमुळत्या बाटलीने, फुगविलेल्या पुडीने, वजनातील फरक झाकते. स्त्रियांच्या प्रसाधनाच्या बाटल्या कमनीय घडविण्याची जी रूढी आहे, तिचा विचार सौंदर्यदृष्टीने पुष्कळ झाला आहे. तीत मावणाऱ्या मिलिलिटरांच्या दृष्टीने मात्र क्वचितच.

वजनात दडलेला हा भेद उघड करण्याचे साधन कायद्याने दिलेले नाही असे नाही. वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ आणि त्याखालील वेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम यांनुसार वेष्टनावर निव्वळ परिमाण व कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. २०२१ साली केलेल्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी घडल्या. साबण, चहा, बिस्किटे यांसारख्या काही वस्तू ठराविक वजनांतच वेष्टित कराव्यात हे जुने बंधन गेले, आणि त्याच्या बदल्यात दर एककाची विक्री-किंमत छापण्याचे बंधन आले. पहिल्या बदलाने उत्पादकास वजन हवे तसे ठरविण्याची मोकळीक मिळाली, तर दुसऱ्याने ग्राहकास त्या वजनाचा हिशेब मिळावा अशी अपेक्षा होती.

ही अपेक्षा इटियाडोहच्या बाजारात कितपत पुरी होते, हे नियमांच्या तपशिलातच पाहिले पाहिजे. १ किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूची एककिंमत दर ग्रॅमला, रुपयांत आणि दोन दशांश स्थळांपर्यंत द्यावयाची असते. वरील उदाहरणातील निळ्या वडीवर ०.२२ आणि गुलाबीवर ०.२५ असे आकडे येतील. साडेबारा टक्क्यांचा फरक वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तीन पैशांचा दिसेल. आणि तीन पैशांची आज कोणी गणनाच करीत नाही. तोच हिशेब १०० ग्रॅमला दिला असता, तर २२ रुपये आणि २५ रुपये असे दिसले असते आणि रोवणीवरून आलेल्या बाईने प्रश्न विचारला असता. युरोपीय समुदायाने १९९८ साली काढलेल्या आदेशात सामान्यतः किलोग्रॅम किंवा लिटर हे एकक धरले आहे, ते याच दृष्टीने अधिक शहाणपणाचे म्हणावे लागते. माहिती देणे आणि माहिती समजेल अशा रूपात देणे यांतील हे अंतर वेष्टनरचनेच्या अभ्यासकांनी दुर्लक्षिण्याजोगे नाही.

दुसरा तपशील अधिक परिणामकारक आहे. १० ग्रॅम किंवा १० मिलिलिटर आणि त्याहून कमी परिमाणाच्या वेष्टनांना हे नियम लागूच होत नाहीत. शाम्पूची पुडी बहुधा याच मर्यादेत बसते. उत्पादक त्यावर किंमत व परिमाण छापतात हे खरे, पण तो त्यांच्या व्यापाराच्या सोयीचा भाग आहे. एककिंमत छापण्याची त्यांना सक्ती नाही. म्हणजे ज्या आकाराची वस्तू गरीब स्त्री सर्वाधिक वेळा विकत घेते, तीच नेमकी हिशेबाच्या कक्षेबाहेर राहते. तिसरा तपशील भाषेचा. वेष्टनावरील ही निवेदने देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावीत एवढेच नियम सांगतो. प्रादेशिक भाषा जोडता येते, पण ती आवश्यक नाही. व्यवहारात इंग्रजी छापली जाते. जी ग्राहक पुडी रंगावरून ओळखते आणि 'ती हिरवी द्या', 'ती गुलाबी द्या' असे मागते, तिच्यापुरता रंग हाच वेष्टनावरील एकमेव वाचनीय मजकूर असतो.

येथे एका रूढ समजुतीस आवर घालणे मात्र जरूर आहे. लहान पुडी घेणारा गरीब माणूस नेहमीच अधिक किंमत देतो असे मानले जाते. शाम्पूच्या बाबतीत भारतात बहुधा याच्या उलट स्थिती आहे. तामिळनाडूत १९८० नंतरच्या दशकात 'चिक' सारख्या शाम्पूंच्या स्वस्त पुड्यांनी जी चढाओढ सुरू केली, तिच्यामुळे पुडीतील शाम्पूचा मिलिलिटरमागे पडणारा दर अनेकदा मोठ्या बाटलीतील दरापेक्षा कमी असतो. तेव्हा इटियाडोहकडील मजूर स्त्री शहरातील स्त्रीपेक्षा शाम्पू स्वस्तात घेत असणे अगदी संभवनीय आहे. चढाओढ जेथे तीव्र असते तेथे वेष्टन लहान असूनही ग्राहकाचे हित साधते, हा याचा अर्थ. जेथे चढाओढ नाही किंवा ग्राहकास ती दिसत नाही, तेथे काय होते हे पाहण्यासाठी दुसऱ्या एका वस्तूकडे वळले पाहिजे.

सॅनिटरी पॅड ही ती वस्तू. हिला पुरुषांचा पर्याय नाही. त्यामुळे 'त्याची' आणि 'तिची' किंमत ताडून पाहण्याची सारी पद्धत येथे निरुपयोगी ठरते. तरीही लिंगाधारित किमतीचा प्रश्न हिच्याइतका स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही वस्तूत दिसत नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा कुंकू, टिकली आणि काचेच्या बांगड्या करमुक्त होत्या आणि सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर होता. स्त्रीच्या सौभाग्याची चिन्हे आवश्यक आणि तिच्या शरीराची गरज तेवढी आवश्यक नव्हे, असा या वर्गीकरणाचा अर्थ झाला. तसा हेतू होता असे म्हणण्याचे कारण नाही, पण अर्थ तो झाला. जुलै २०१८ मध्ये परिषदेने पॅड करमुक्त केले. परंतु करमुक्त वस्तूच्या उत्पादकास कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो कर त्याच्या खर्चातच राहतो. त्यामुळे १२ टक्के कर गेला म्हणून किंमत १२ टक्क्यांनी उतरेल ही अपेक्षा हिशेबाने बरोबर नव्हती.

पाठ्यपुस्तकांतील सिद्धान्त या वस्तूच्या मागणीची लवचिकता फार कमी मानील, कारण गरज अटळ आहे. इटियाडोहच्या संदर्भात हे विधान तपासून घेतले पाहिजे. गरज अटळ आहे, वस्तू नव्हे. जुन्या लुगड्याचा कपडा हा पर्याय घरोघर उपलब्ध असतो, आणि हातात पैसा नसला की स्त्री त्याकडे परत जाते. म्हणजे ज्या स्त्रीकडे पैसा आहे तिची मागणी अलवचिक, आणि जिच्याकडे नाही तिची मागणी अतिशय लवचिक. किंमत वाढली तर पहिली पैसे देते. दुसरी बाजारातूनच निघून जाते. विक्रीच्या आकड्यांत तिची नोंद राहत नाही आणि अधिभाराच्या कोणत्याही सरासरीत ती येत नाही. किमतीचा सर्वांत मोठा भार जिने सोसला, तिनेच एकही पैसा दिलेला नसतो.

या दृष्टीने सरकारी योजनांचा अनुभव अभ्यसनीय आहे. केंद्र सरकारच्या २०११ च्या योजनेत आशा कार्यकर्त्यांमार्फत ६ पॅडचा पुडा ६ रुपयांना मिळे. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१८ रोजी 'अस्मिता' योजना सुरू केली; तीत जिल्हा परिषद शाळांतील किशोरवयीन मुलींना ८ पॅडचा पुडा ५ रुपयांना, आणि ग्रामीण भागातील इतर स्त्रियांना बचतगटांमार्फत, पॅडच्या लांबीनुसार, २४ व २९ रुपयांना देण्याची व्यवस्था होती. जनौषधी केंद्रांतील पॅडचा दर २७ ऑगस्ट २०१९ पासून नगास १ रुपया झाला. नगामागे हिशेब केला तर अस्मितेच्या मुलींना एक पॅड साडेबासष्ट पैशांना पडे, आणि त्यांच्या आईस ३ रुपयांना. हा पिगू यांच्या तिसऱ्या प्रकारचा उघड मूल्यभेद होय : गट स्पष्ट, ओळख कागदोपत्री, भिंत शासनाने स्वतः उभारलेली. मुलीच्या नावावर आलेला पुडा आईनेही वापरला असेल, आणि तसे झाले असल्यास भिंतीस भोक पडले म्हणून खेद करण्याचे कारण नाही. राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांत १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना मिळू लागलेली तिकिटातील ५० टक्के सवलत हीदेखील लिंगाधारित किंमतच आहे. यावरून एवढे स्पष्ट व्हावे की, लिंगानुसार किंमत वेगळी असणे हा स्वतःच दोष नव्हे. बसचे अर्धे तिकीट सर्वांसमक्ष दिले जाते आणि त्यावरील आकडा सर्वांना दिसतो. वजनात दडलेल्या भेदाविषयीची तक्रार ही की, तो ज्याच्यावर पडतो त्यास कळतच नाही.

या न कळण्यात गावच्या दुकानाच्या रचनेचाही हात आहे. माल फळीवर, फळी दुकानदाराच्या पाठीशी, आणि मध्ये गल्ला. वस्तू मागावी लागते, निवडता येत नाही. पॅडच्या बाबतीत तर मागणीही हळू आवाजात होते, आणि दुकानदार पुडा वर्तमानपत्रात गुंडाळून किंवा काळ्या पिशवीत घालून देतो. ही प्रथा महाराष्ट्रात शहरांतही सर्वपरिचित आहे. वेष्टनरचनेच्या दृष्टीने तिचा विचार फारसा झालेला नाही. कायद्याने ज्या वेष्टनावर किंमत, परिमाण आणि एककिंमत छापविली, त्यावर दुकानदाराने दुसरे, कोरे वेष्टन चढविलेले असते. पैसे देण्याच्या क्षणी ग्राहकासमोर कोणताही आकडा नसतो. दुकानदार सांगेल तो आकडा खरा. कांद्याच्या भावासाठी दहा मिनिटे घासाघीस करणारी तीच स्त्री येथे एक शब्द न बोलता पैसे ठेवून निघते. तिची हिशेबाची शक्ती कमी नाही. तिला तेथे अधिक वेळ उभे राहावयाचे नसते. लज्जा ही येथे भिंतीचे काम करते, आणि ती बांधण्यास उत्पादकास काहीही खर्च पडत नाही.

महाराष्ट्रातील ग्राहकचळवळीच्या इतिहासातही याचा पडसाद दिसतो. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींनी उभारलेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या लाटणे मोर्चांनी किमतीचा प्रश्न स्त्रियांचा म्हणून रस्त्यावर आणला. तेल, साखर, रॉकेल, धान्य हे त्या लढ्याचे विषय होते, आणि त्या काळच्या टंचाईत ते तसेच असणे स्वाभाविक होते. स्त्री तेथे घराच्या वतीने बोलत होती. स्वतःच्या शरीरासाठी लागणाऱ्या वस्तूच्या किमतीविषयी तिने बोलावे, याला पुढे आणखी चार दशके लागली.

इटियाडोह परिसरात या विषयाची पाहणी करावयाची झाल्यास तिची रीत वरील विवेचनावरून ठरते. किमतींची यादी पुरेशी नाही. प्रत्येक वेष्टन उघडून आतील माल तराजूवर घातला पाहिजे आणि छापील वजनाशी ताडला पाहिजे. वस्तू कोणी मागितली, पैसे कोणी दिले आणि ती कोणी वापरली, या तीन प्रश्नांची उत्तरे निराळी असू शकतात, म्हणून ती निराळी नोंदविली पाहिजेत. नवरा बाजारातून बायकोची पावडर आणतो तेव्हा ती किंमत कोणाच्या नावावर मांडावयाची, हे आधी ठरविले नाही तर आकडे निरर्थक होतील. रोवणीच्या दिवसांत हाती पैसा असताना आणि नंतरच्या रिकाम्या महिन्यांत, अशी दोनदा पाहणी झाली पाहिजे. नाहीतर बाजारातून निघून गेलेली ग्राहक सापडणार नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत भरणाऱ्या मंडईत प्रसाधनाच्या वस्तूंची जी विक्री होते, तिची गणना स्वतंत्र करावी लागेल, कारण तेथील बराच माल सुटा आणि भाव तोंडी असतो. पॅडसाठी नग हे एकक कायद्यास पुरेसे असले तरी संशोधकास पुरेसे नाही. २४० मिलिमीटरचा एक नग आणि २८० मिलिमीटरचा एक नग यांस एकच एकक मानले तर हिशेब पहिल्याच ओळीत चुकतो. आणि हे काम स्त्री पाहणीकर्त्यांनीच करावे लागेल. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा उघडून त्यावरील आकडा वाचून दाखवा, असे दुसऱ्या कोणास म्हणता येणार नाही.